गाण्याचं बारसं

आईच्या गाण्यांच्या वहीला जांभळ्या फुलांचं कव्हर होतं आणि त्या कव्हराला लोणच्याच्या खाराचा वास यायचा, कारण ती वही स्वयंपाकघरातल्या फळीवर, बरणीला टेकून उभी असायची... पोळी तव्यावर पडली की आईला ओळ सुचायची, आणि पिठाचे हात पुसेपर्यंत ती निसटू नये म्हणून वहीला दोऱ्यानं पेन्सील बांधलेली. त्या वहीची मला फार भीती वाटायची. हसू आलं असेल तर हसा. मी तेव्हा नऊ वर्षांची होते, आणि त्या भीतीला कारण होतं.

नागपुरातल्या आमच्या गल्लीत बायकांचं एक गाण्याचं मंडळ होतं. डोहाळजेवण असो, हळदीकुंकू असो, बोलावणं आलं की सगळ्या निघायच्या. गाणी बहुतेक आईचीच. बाकीच्या बायका गाण्याची पहिली ओळ हेच त्याचं नाव समजत; आईला ते मुळीच पटत नसे. लेकराचं बारसं बाराव्या दिवशी होतं, तसं गाण्याचं बारा वेळा म्हणून झाल्यावर करावं, हा तिचा नियम. "नाव आपण नाही ठेवत वं," ती मला सांगायची, "म्हणता म्हणता गळा ज्या शब्दावर अडते, तेच त्याचं नाव होते." बारावी खेप झाली की ती सगळ्यांच्या हातावर गूळ-खोबरं ठेवायची, आणि माझ्या हातावर जरा जास्त.

त्या वर्षीच्या थंडीत कुहीहून मावशी आली होती — आईची धाकटी बहीण, नव्या तांदळाची पिशवी घेऊन. त्या तांदळाचा कोवळा, ओलसर सुगंध घरभर दोन दिवस दरवळत होता. ती निघाली तेव्हा मी विचारलं, "मावशी, जाते का वं?" तर आईनं मला दटावलं, "जाते नाही म्हणत. येते म्हणावं." मावशी हसली, "येते" म्हणाली आणि बसमध्ये चढली. पंधरा दिवसांत निरोप आला, ताप डोक्यात चढून ती गेली. मोठ्या माणसांना रडण्यापुढे काही सुचलं नाही. मला मात्र एक भयंकर गोष्ट उमगली होती आणि ती मी कुणालाच सांगितली नाही. जे 'येते' म्हणतं, ते येत नाही.

आणि मग उन्हाळ्याच्या तोंडाशी आईच्या गळ्याला गाठ निघाली... बोराएवढी. आई घोट गिळायची तेव्हा ती गाठ वर-खाली सरकायची, आणि माझं जेवणातलं लक्ष उडायचं. ऑपरेशन ठरलं. हिंगण्याच्या कारखान्यातून बाबा कंपनीच्या बसनं घरी यायचे, तेही आता बूट न काढता आधी तिच्या गळ्याकडे बघायचे. आदल्या दुपारी कुलरच्या ओल्या वाळ्याचा वास खोलीत कोंदला होता. आईनं वही माझ्या पुढ्यात ठेवली. "तुझं अक्षर चांगलं आहे. सगळ्या गाण्यांची नावं पुढच्या पानावर लिहून ठेव." काहून, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही. आवराआवर जाणारं माणूस करतं, हे मला ठाऊक होतं.

ती सांगत गेली, मी शाईनं लिहीत गेले. 'उन्हं कलली, येते'. 'तवा निवला की येते'. 'येते, दार लोटून घे'... अकरा गाणी, आणि त्यांतल्या सात नावांत तो एकच शब्द. इतके दिवस ती नावं मी ऐकत होते, एकाखाली एक कधी पाहिली नव्हती. सात वेळा आईचा गळा याच शब्दावर अडला होता, आणि आता गाठही तिथंच आली होती.

सकाळी बाबांनी स्कूटर काढली. पिशवी घेऊन आई उंबऱ्यात वळली, तेव्हा मी धावत जाऊन तिच्या तोंडावर हात दाबला. "म्हणू नको." तिनं माझ्या तळव्याआडूनच ते म्हटलं, तिचे ओठ हलले ते मला हाताला जाणवलं.

शेजारच्या काकू माझ्यासोबत बसल्या होत्या, पुण्याहून लग्न होऊन आलेल्या. त्यांची नजर चुकवून मी बाबांच्या दाढीचं ब्लेड घेतलं आणि वहीतले सातही 'येते' खरवडून काढले. दोन ठिकाणी कागद फाटला. त्या जागी मी 'आले' लिहिलं. आले म्हटलं की काम झालं, पुढे काही उरत नाही... एवढाच माझा हिशेब होता. मग जिन्याकडे कान लावून बसले. भीतीनं दात वाजत होते, नागपूरच्या त्या उन्हात.

दुपारी बाबा एकटेच आले. त्यांनी खिशातून रुमाल काढून माझ्यापुढे सोडला, आणि आत आईच्या बांगड्या आणि मंगळसूत्र. त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला, सगळा संपवला, आणि तेवढ्या वेळात माझी आई मेलेली होती.

"काहून रडून राहिली वं?" बाबा म्हणाले. "बरी आहे ती. ऑपरेशनले दागिने काढून घेतात."

दहा दिवसांनी आई आली. पण तिचा आवाज आला नाही. चाळणीतून पीठ पडावं तसे शब्द पडायचे, आणि त्यानंतर ती कधीच गायली नाही. मंडळाच्या बायका भेटायला आल्या तेव्हा काकूंनी वही उघडून मोठ्यानं वाचलं, "तवा निवला की आले? अहो, आलं तवा तापल्यावर घालतात." आमच्याकडे अद्रक म्हणतात, त्यामुळे सगळ्या का हसल्या ते मला कळलंच नाही. आई मात्र हसता हसता थांबली. खरवडलेल्या कागदावरून तिनं बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. रागावली नाही. दोऱ्याची पेन्सील घेऊन तिनं खाली बारावं नाव लिहिलं — 'येते म्हटलं होतं ना'. त्या नावाचं गाणं नव्हतं. लेकरू नसताना तिनं बारसं केलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात आई गेली. दवाखान्यात न्यायला तिला दारातून उचललं, तेव्हा मी तिच्या ओठांशी कान नेला. दूध आणायला निघतानाही 'येते' म्हणणारी ती बाई या वेळी काही बोलली नाही. तेव्हाच मला कळलं, आणि नऊ वर्षांची असताना वाटली होती तशीच भीती वाटली.

वही आता माझ्या फळीवर आहे. बाराव्या नावाचं पान कोरं आहे. कधी पोळ्या करताना मी त्या नावालाच चाल लावून बघते... बारा वेळा लांबच, अजून एकदाही पूर्ण म्हणता आलेलं नाही. पहिल्याच शब्दावर गळा अडतो.