मामूंचा हात

मामूंचा हात आधी चालायचा, तोंड नंतर. चिकलठाण्याच्या आमच्या पावडर कारखान्यात, चाळणीखात्यात काम करून त्यांचा रट्टा खाल्ला नाही असा माणूस सापडायचा नाही. नवीन माणसाला लोक विचारायचे, "प्रसाद मिळाला का?" तो नाही म्हणाला की हसून सांगायचे, मिळेल. मी तिथं केमिस्ट होतो. मला मिळायला आठ महिने लागले, आणि ज्या दिवशी मिळाला त्याच दिवशी मी मामूंच्या नोकरीच्या मागे लागलो. ती घालवली तेव्हाच गप्प बसलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचे किस्से ऐकून कुणालाही वाटेल की बरं झालं, ब्याद गेली.

मामू सिल्लोडचे. साठीला टेकलेले, पण मनगट लोखंडी. डाव्या गालापासून मानेपर्यंतची कातडी ओढल्यासारखी गुळगुळीत आणि डावा कान निम्माच. त्या कानानं त्यांना ऐकू यायचं नाही. क्रांती चौकात कुणाशी तरी चाकूची मारामारी झाली होती, अशी कारखान्यात वदंता होती. त्यांना विचारायची छाती कुणाची नव्हती.

काम तसं साधं. गारगोटी दळून मैद्याहून बारीक केलेली पावडर पाण्यात कालवायची, तिच्यात रेझिनचे मोहरीएवढे पिवळे दाणे टाकून तासभर घोळायचं. पावडरीतला खारटपणा ते दाणे ओढून घेतात. मग सगळं चाळणीवर ओतलं की दाणे वर राहतात आणि पावडर पाण्याबरोबर खाली जाते. चाळणीची जाळी कुठं जराशी जरी उसवली तरी दाणे मालात उतरतात आणि सगळा घाणा फुकट. म्हणून मामू रोज सकाळी जाळीवर बोटाच्या पेरानं टकटक करत, उजवा कान लावून तिचा ताण ऐकायचे. तेवढा वेळ खात्यात कुणी खोकायचं नाही.

एकदा एका ऑपरेटरनं तुंबलेली जाळी स्क्रू-ड्रायव्हरनं टोकरली. मामूंनी मागून अशी लाथ घातली की तो सरळ पावडरच्या हौदात बसला आणि डोक्यापासून पायापर्यंत पांढरा होऊन उठला. "जाळी हाय ती," मामू म्हणाले, "तुझ्या सासऱ्याचं छप्पर नाय." ढिली जाळी खपवणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या गळ्यात त्यांनी तीच जाळी गुंडाळली आणि त्याला तसाच ओढत गेटपर्यंत नेला. मॅनेजरनं न चाळलेला माल गाडीत भरायला लावला, तेव्हा लाकडी हातोडीनं त्याच्या केबिनची काच फोडली. मारलेल्या माणसाला मात्र दुसऱ्या दिवशी स्वतःच्या डब्यातलं खायला घालायचे. तो नको म्हणाला तर त्याला पुन्हा मारायचे.

मला मारलं ते असं. दाणे खारट झाले की तेजाबानं धुऊन पुन्हा वापरावे लागतात. आमच्या नेहमीच्या तेजाबाचा अंश मालात राहतो, अशी एका गिऱ्हाइकाची तक्रार आली. मला वाटलं, नायट्रिक तेजाब वापरू, प्रश्नच मिटला. कुणाला न विचारता एका सकाळी दाण्यांच्या टाकीत कडक नायट्रिकचा कॅन ओतला आणि झाकणाचे बोल्ट आवळायला घेतले. मामू दारात येऊन नाक फुगवून उभे राहिले.

"काय टाकलं त्यात?"

"नायट्रिक," मी ऐटीत म्हणालो.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. चष्मा उडाला. डोकं भिंतीवर आपटलं. ओठ फाटला. त्यांनी कॉलर धरून मला दाराबाहेर भिरकावलं, बाकीच्यांना लाथा घालून बाहेर हाकललं, झाकण उपटलं आणि आत पाण्याचा पाइप खुपसला. टाकीतून तपकिरी धूर निघाला. सगळे दाणे गटारात वाहून गेले. मी धुळीत बसून रक्त थुंकत होतो, डाव्या कानात शिट्टी वाजत होती आणि दहा माणसं बघत होती. मला बापानंसुद्धा कधी हात लावला नव्हता. मी पडलेला पाना उचलून मामूंच्या अंगावर धावलो. दोघांनी धरलं नसतं तर त्यांचं डोकं फोडलंच असतं.

त्याच दुपारी मी अर्ज लिहिला. मॅनेजरला काचेपासून निमित्तच हवं होतं. चौकशीत मामूंना विचारलं, का मारलं? ते म्हणाले, "मारलं, व्हय. नीट सांगता येत नाय मला." कागदावर सही केली आणि हातोडी काखेत मारून ते गेले. मुकुंदवाडीला घरी जाताना मला जिंकल्यासारखं वाटलं होतं.

दोन महिन्यांनी रेझिनची नवी पोती आली, सोबत माहितीपत्रक. त्यात ठळक अक्षरांत एक ओळ होती: कडक नायट्रिकशी संबंध आल्यास स्फोट होऊ शकतो. हेच पत्रक पहिल्या दिवसापासून माझ्या ड्रॉवरमध्ये पडलेलं होतं. त्या रविवारी मी सिल्लोडची एसटी धरली.

मामू मक्याच्या आडतीवर चाळणी मारत बसले होते. मला बघून थांबले नाहीत. मी माफी मागायला गेलो होतो, पण तोंडातून तक्रारच निघाली. "मामू, तोंडानं सांगितलं असतं तर ऐकलं असतं मी."

"माझ्या भावाला तोंडानंच सांगत होतो," ते म्हणाले. "दुसऱ्या कंपनीत. लई वर्षं झाली. हेच दाणे, हेच तेजाब. म्हणलं, झाकण लावू नको, बाजूला हो, कशापायी ते सांगतो. सांगत होतो तवर टाकी फुटली. माझा कान गेला. त्याचं तोंड राह्यलं नाय, मय्यत झाकूनच नेली."

मी खाली मक्यातच बसलो आणि रडलो. परत चला म्हणालो, मी सगळं लिहून देतो म्हणालो. त्यांनी मान हलवली. "नको. मी परत मारीन, तू परत अर्ज लिहिशील." मग डबा उघडून अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. नको म्हणायची माझी हिंमत नव्हती.

"कान कसाय?" त्यांनी विचारलं.

बरा आहे, मी म्हणालो. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसलो होतो, त्यांना ऐकू गेलं नाही. मग उठून उजव्या बाजूला गेलो आणि पुन्हा सांगितलं.