प्रमिलाबाईंच्या गळ्यातली सवत

एरंडोलच्या प्रमिलाबाईंना दूधवाल्यापासून देवळातल्या पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांचा संशय. सख्ख्या बहिणीने लुगडं दिलं तरी आधी उलगडून भोक शोधणार. साठी ओलांडली आणि हा सगळा संशय एकाच माणसावर येऊन बसला. तो माणूस म्हणजे कुंदन, त्यांनी वाढवलेला सावत्र मुलगा.

भानगड गळ्यातल्या सोन्याची होती. चुडामण पाटलांची पहिली बायको लता वर्षाचं पोर मागे ठेवून वारली. प्रमिलाबाई दुसरेपणावर आल्या, तेव्हा सासूने काळ्या दोऱ्यात ओवलेलं, मूर्ती उठवलेलं एक वेडंवाकडं सोन्याचं नाणं त्यांच्या गळ्यात बांधलं. "हाई लता शे. आधी हिले, मंग तुले." मेलेल्या सवतीचा टाक, म्हणजे तिची म्हणून मानलेली मूर्ती, दुसरीने गळ्यात घालायची रीतच होती. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, पहिला घास टाकाला दाखवायचा. अडतीस वर्षं त्या सवतीच्या मागून जेवल्या. तिच्याशी भांडल्याही. अंघोळीच्या वेळी "डोया मीट" म्हणून तिला दटावायच्या.

कुंदन धुळ्याला, देवपुरात मास्तर. दिवाळीत आला तेव्हा त्याने टाकाचा फोटो काढून नेला. महिन्याभराने फोन केला. "आई, ती लतामाय नाही गं. गोव्याकडचं पोर्तुगीजांचं जुनं नाणं आहे, फार दुर्मिळ. त्यावर त्यांचा कुणी संत आहे. काढून ठेव ते."

काढून ठेव! सूनबाईने, दीपमालाने, कान भरले असणार. नाहीतर आपल्या आईचं सोनं सावत्र आईच्या गळ्यात पोराला खुपत असणार. आपलं म्हणून वाढवलेलं पोर असं निघावं, याचं त्यांना आधी रडू आलं आणि मग संताप आला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने त्यांनी जळगाव गाठलं. पन्नालाल हे घरचे जुने सराफ. त्यांच्यावरही भरवसा नव्हताच, म्हणून प्रमिलाबाईंनी दोरा गळ्यातून काढलाच नाही. नुसती मान गल्ल्यावर पुढे केली. बिचारे पन्नालाल भिंग घेऊन ओणवे झाले. दुकानातली गिऱ्हाइकं बघतच राहिली.

"कसोटीवर घासा ना," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"छे! याला कस लावायचा नाही, अक्का. हातोडीने ठोकून पाडलेलं नाणं आहे, म्हणून असं वाकडं." ते थांबले. "आणि हा बाप्या आहे. दाढी घासली गेलीय, पण आहे."

"कुंदननी पढाई ठेयेल शे ना तुमले?" पोराने सराफालाही पढवून ठेवलंय, अशी त्यांची खात्रीच झाली.

पन्नालालांनी भिंग खाली ठेवलं. "कुंदन आला होता, गेल्या महिन्यात. फोटो मोठा करून दाखवला. किंमत विचारली नाही, अक्का. एवढंच विचारलं, काका, ही बाई आहे ना? मी नाही म्हणालो. मग पायरीवर जाऊन बसला. चहा पाठवला तर तोही घेतला नाही. जाताना म्हणाला, आईला सांगायलाच हवं, ती जन्मभर हिच्या मागून जेवते."

प्रमिलाबाईंची मान तशीच पुढे राहिली. लताचा एकही फोटो घरात नव्हता. मांडीवरचा कुंदन हे नाणं मुठीत धरूनच झोपायचा. शाळेत पास झाला की निकाल आधी या नाण्याला दाखवायचा. त्याला आई होती ती एवढीच, आणि आपल्याला सुखाने जेवता यावं म्हणून त्याने तीही सोडली होती. आपण मात्र त्याला चोर ठरवलं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

स्टँडवर बसून त्यांनी फोन लावला.

"कुंदन, मी पन्नाभाऊकडे जाई उनू. नीट दखं त्यास्नी. बाईच शे ती."

"आई, पण मला तर ते..."

"फोटोमा काय समजस? बाई शे म्हणतस ना मी." त्यांनी नाणं मुठीत घट्ट धरलं. "रविवारे ये, तुनी मायले भेटी जाय. आणि जेवानी काळजी करू नको. आते आम्ही दोन्ही जणी संगेच जेवसूत."