पूनमचं माप

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. अंबाबाईपुढं हात जोडून उभी राहिले तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही — तिथं दुसरंच काहीतरी मागितलं आणि प्रसाद घेऊन बाहेर आले. तुला सांगतेय ते तू मला बरं म्हणावंस म्हणून नाही. म्हणणारही नाहीस. पण हे माझ्या पोटात नासलंय, आणि नासलेलं झाकून तरी किती दिवस ठेवायचं?

आधी मी कोण ते सांगते. राजारामपुरीत माझं शिलाईचं दुकान आहे. ब्लाउज, ड्रेस, पोरींचे फ्रॉक. वीसेक वर्षं झाली, बायकांची मापं घेतेय. एक गोष्ट ध्यानात ठेव, पुढं लागेल. आमच्याकडची बाई कापडाचा भाव करताना दुकानदाराला रडकुंडीला आणेल, पण मापाला उभी राहिली की टेपवरचा आकडा कधी वाचत नाही. छताकडं बघते, पोट आत ओढते, श्वास धरते. मास्तरीण तोंडानं जो आकडा म्हणेल तो खरा. मला सगळ्या मास्तरीण म्हणतात.

चाळिशीत गुडघे कुरकुरायला लागले म्हणून सायकल घेतली. मग आणखी चार बायका आल्या, मग दहा, आणि आमचा ग्रुप झाला. रविवारी पहाटे पन्हाळा, येताना मिसळ. वाघबिळापासून वरचा चढ सगळ्यांत आधी मी चढायची. वर जाऊन फोटो काढायचा, धापा टाकत येणाऱ्यांना केळी वाटायची, शाबास म्हणायचं. माझा सत्कार झाला, शाल-नारळ मिळाला, बायकांनी घराबाहेर पडलं पाहिजे असं मी माइकवर भाषणही ठोकलं. काय ते भाषण! आठवलं तरी कानात बोटं घालावीशी वाटतात.

ग्रुपात कुणाला जुनी सायकल घ्यायची किंवा विकायची असली तर ती माझ्याकडंच यायची. टेप माझ्याकडं ना. रोडची सायकल, ती खाली वळलेल्या हँडलची, अंगाला बसावी लागते. सीट वर-खाली होते, पण मधला आडवा दांडा लांब असला तर तो काय कापून आखूड करता येत नाही. पाय मोजायचा, धड मोजायचं, हात मोजायचा आणि सांगायचं — ही घे, ती घेऊ नको. यात माझा हात धरणारं कोल्हापुरात कुणी नव्हतं. असं मला वाटायचं, आणि लोकही म्हणायचे.

आता पूनम. कोडोलीची. माझं जुनं गिऱ्हाईक, लग्नाच्या आधीपासून कपडे माझ्याकडनंच शिवून घ्यायची. घरी म्हशी, दोन्ही वेळची धार तिच्याकडं, दूध डेअरीला घालायलाही तीच. दुकानात आमच्या ग्रुपचे फोटो बघून एकदा म्हणाली, मी येऊ का? मी म्हटलं, ये की. मोठ्या मनानं म्हटलं. बुटकी, गोलमटोल बाई, येईल आणि निम्म्यातनं परत जाईल असं वाटलं होतं — हे पण सांगून टाकते.

आली ती नवऱ्याच्या जुन्या काळ्या सायकलवरून, मागं दुधाच्या किटल्या अडकवायचे आकडे तसेच. पायात चपला, ओढणी कमरेला करकचून बांधलेली. म्हशींची धार काढून, दूध घालून आली होती. चढाला मी पुढं. एका वळणावर मागनं चेन करकरल्याचा आवाज आला आणि ती माझ्या शेजारी. माझ्या तोंडातनं शब्द फुटत नव्हता आणि ही बाई बोलत होती.

"ताई, दमलासा व्हय? थांबू का मी?"

टोमणा नव्हता. तेच तर. काळजीनं विचारत होती. मी हातानं खूण केली, जा म्हणून, आणि ती गेली. वर पोचले तर रस्त्याकडेच्या दगडावर बसून ती ओढणीनं वारा घेत होती. मिसळ खाताना कुणीतरी म्हणालं, मास्तरीणबाईंची गादी गेली की! सगळ्या हसल्या, मी पण हसले, आणखी कट मागवला. माझा जीव जळला. दुसरा शब्द कशाला शोधू? त्या किटल्यांच्या सायकलवर ही अशी, तर बरोबर मापाच्या रोडच्या सायकलवर काय करेल — हा हिशोब माझ्या डोक्यात तिथंच झाला. तिच्या डोक्यातही आला नसेल.

पुढं दोन-तीन रविवार तेच. मग ती दुकानात आली. म्हणाली, ताई, सायकल घ्यायची ठरवलीय, जुनीच बघा. स्वतः वाढवलेली म्हशीची रेडी विकली होती तिनं. सासऱ्यांनी कबूल केलं होतं, पण अट घालून. अंग दुखलं, धारेत खाडा पडला, तर सायकल त्या दिवशी घराबाहेर, आणि परत नाव काढायचं नाही. बाईमाणसाला हे सोसत नाही असं त्यांचं पहिल्यापासूनचं म्हणणं. हे सगळं तिनं मला सांगितलं. हसत हसत. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायलाही जागा नाही, कळलं का तुला?

माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत तेव्हा दोन सायकली होत्या. एक कबनूरच्या यंत्रमागवाल्यांच्या मुलीची — लग्न होऊन पुण्याला गेली, जाताना विकायला ठेवून गेली. लहान फ्रेम, जपून वापरलेली. पूनमच्या अंगावर बेतून केली असावी इतकी तिच्या मापाची. दुसरी माझी स्वतःची. मी उंच आहे, लांब हातापायांची. मी नवी घेतली होती, जुनी काढायची होती.

पूनम सायकल बघायला यायच्या आधी मी त्या लहान सायकलवर जुनी चादर टाकली. बघ, आधी चादर टाकली. म्हणजे मनात आलं आणि होऊन गेलं, असं काही नाही. खालून चाक दिसत होतं. तिनं विचारलं, ही कुणाची? मी म्हटलं, ठरली ती, सांगलीला जायची आहे. कुठली ठरली? कुणी बघितलीही नव्हती.

मग मी टेप काढला. पूनम भिंतीला टेकून उभी राहिली, छताकडं बघायला लागली. पाय मोजला आणि आकडा मोठ्यानं म्हटला — दोन इंच वाढवून. हात मोजला, तोही वाढवून. तिच्या अंगात त्या दिवशी मी शिवलेला ड्रेस होता. बाही बरोबर मनगटावर बसलेली. त्या बाहीवरनंच टेप फिरवला आणि त्याच हाताचं माप खोटं सांगितलं. ती म्हणाली, एवढी लांब हाय व्हय मी? आणि लाजली. कुणी तिला उंच म्हटलं नव्हतं ना कधी. तिला बरं वाटलं. शी! सांगताना हात धुवावेसे वाटतात.

मागच्या गल्लीत तिनं माझी सायकल चालवून बघितली. सीट पार खाली घातली होती मी. तरी उंच दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईसारखी ती ताणलेली दिसत होती. उतरून म्हणाली, ताई, जरा लांब वाटतंया. मी म्हटलं, रोडची सायकल असलीच असते, सवय झाली की अंग आपोआप बसतं. शिवण शिकायला येणाऱ्या पोरींना मीच ओरडून सांगते, अंग कापडाला बसत नसतं, कापड अंगाला बसवायचं असतं. त्याच तोंडानं मी हे बोलले.

तिनं सायकलला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, माझ्या पाया पडली. मी पडू दिलं. आणि ती लहान सायकल? खरंच सांगलीला पाठवली, त्याच आठवड्यात, पूनम देत होती त्याच्यापेक्षा कमी पैशाला. म्हणजे हे पैशासाठीही नव्हतं. पैशासाठी केलं असतं तर निदान म्हणता आलं असतं, हाव सुटली. हे कशासाठी होतं? एका चढासाठी. वर आधी पोचून केळी वाटण्यासाठी.

आणि मिळालं मला ते. पुढच्या रविवारी पूनम मागं पडली. त्याच्या पुढच्या रविवारी सगळ्यांत शेवट. मान अवघडलेली, खांदे कानापर्यंत चढलेले. मी वर उभी राहून टाळ्या वाजवायची, चल, चल, शाबास! मानेचे व्यायाम मी शिकवले, मलम मी दिलं, डॉक्टरकडंही मीच घेऊन गेले. एवढी मायेची ताई! खरं सांगू? मला मजा वाटत होती. ती वळणावरनं कष्टत येताना दिसली की छातीत गारवा वाटायचा. तेव्हा माझ्या तोंडावर यायचं तसलं हसू तुझ्या तोंडावर कधी आलंय का? आरशात बघवत नाही.

मग तिची बोटं बधिर व्हायला लागली. करंगळी आणि तिच्या शेजारचं. सगळा भार हातांवर यायचा, दुसरं काय होणार? धार काढायला मूठ आवळावी लागते, ती आवळेना. म्हैस लाथ झाडायला लागली. पुढं एका सकाळी भरलेली कासंडी हातातनं सुटली, सगळं दूध गोठ्यात सांडलं. सासरे म्हणे ओरडले नाहीत. नुसते सायकलीकडं बघून आत गेले. अट ठरलेलीच होती.

मला अजून वेळ होता. एक फोन केला असता, पूनम, सायकल मोठी आहे गं, माझं चुकलं, दुसरी बघू. चुकलं म्हणाले असते तरी चाललं असतं, मुद्दाम केलं हे सांगायचीही गरज नव्हती. सासऱ्यांनाही पटलं असतं, म्हशी पाळणाऱ्या माणसाला मापाचं दावं आणि मापाचा खुंटा कळतो. नाही केला.

ती सायकल परत घेऊन आली टेम्पोतनं. घासून-पुसून, चेनला तेल घालून. मी पूर्ण पैसे परत दिले, त्याचं ग्रुपात कौतुक झालं, मास्तरीण मनानं मोठी म्हणून. तिनं पैसे पदराला बांधले आणि सायकलच्या सीटवरनं हात फिरवला. म्हणाली,

"सायकलीत खोट न्हाय, ताई. खोट माज्या अंगात हाय."

मी तिला चहा पाजला.

ती सायकल पुढं एका उंच पोरीला दिली. तिला ती अशी बसली की विचारू नको. बरोबर माप सांगितलं तिला. म्हणजे येत होतं मला.

पूनम अजून येते दुकानात. बोटं सुधारली, सायकल गेली ती गेली. म्हैस व्याली की माझ्यासाठी खरवस आणते, वेलदोडा घातलेला, डब्याला फडकं बांधून. तुम्हीच तेवढं मला बाहेर काढलंसा, ताई, म्हणते. मी खाते तो. टाकून देत नाही, कसाबसा गिळत नाही — चवीनं खाते, वाटी चाटून खाते. माझी किळस यायला एवढं एक पुरे नाही का?

परवा ती लेकीला घेऊन आली होती, फ्रॉकच्या मापाला. पोरगी चौथीत. आईवर गेलीय, तसेच आखूड हात, तसेच भरलेले पाय. भिंतीवरच्या फोटोंकडं बघत होती. मला सायकल पायजे, म्हणाली, असली, वाकड्या हँडलची. पूनमनं तिचे केस कानामागं सारले आणि समजावलं, बाळा, आपल्या अंगाला सायकल मानवत न्हाय. पोरीला पटेना. ती माझ्याकडं बघायला लागली. पूनमपण माझ्याकडं बघायला लागली.

"व्हय की न्हाय, ताई? तुमाला ठावं हाय की, तुम्हीच माप घेतलंया."

टेप पोरीच्या खांद्यावर होता. पोरगी छताकडं बघत नव्हती, आकडा वाचत होती, बोट लावून. मी टेप ओढून घेतला, गुंडाळला आणि म्हटलं, "व्हय."