एक हजार चोवीस शेंगांचा किलो

"किलो म्हंजे हजार! ह्येच सांगून सरकारनं आमचे शेर काढून घेतले, आन् तुमी आता हजारातबी घोटाळा करता व्हय?"

अक्कलकोटचे आडतदार मल्लप्पाण्णा आमच्या सोलापूरच्या घरात गरजत होते. आले होते मला जावई करून घ्यायला. (दोन मिनिटांपूर्वीपर्यंत.)

दोष माझाच. गिरणीच्या कचेरीत कपाटाएवढा कॉम्प्युटर आला होता आणि मी त्याचा महंत! "भाच्याच्या मशिनीला चार हजार आकडे पाठ असतात," असं मामांनी ठोकून दिलं. मी गप्प बसावं की नाही? पण समोर त्यांची मुलगी महानंदा बसली होती, तिच्या वेणीत अबोली होती, आणि मी जमिनीपासून वीतभर वर तरंगत होतो. तिथूनच म्हणालो, "चार हजार शहाण्णव. आमच्यात किलो एक हजार चोवीसचा."

मशीन दुपटीनंच मोजतं, दहाव्या दुपटीला हजारावर चोवीस येतात, हे मी समजावलं. अण्णा म्हणाले, "दावा की."

आईनं चटणीसाठी भाजलेल्या शेंगांचं पोतं सतरंजीवर आलं. एक शेंग, दोन, चार, आठ... दोन्हीकडचे नातेवाईक रांगत ढीग दुप्पट करू लागले. खिडकीतून मागांची खटखट येत होती, ऊन पिवळं सांडलं होतं, आणि महानंदाचे हात शेंगांतून मासोळीसारखे फिरत होते. त्या हातांखाली मी एक लाखापर्यंतसुद्धा गेलो असतो!

दहावी दुप्पट झाली. अण्णा स्वतः मोजायला बसले. आडतीच्या रिवाजाप्रमाणे 'एक' म्हणायचं नाही, म्हणून "लाभ, दोन, तीन..." करत शेवटी थांबले.

"हजार. एकबी जास्त न्हाय." अण्णा चपला शोधायला लागले. मामांनी डोळे मिटले. मी जमिनीवर आलो. जोरात.

तेवढ्यात महानंदानं पदर झटकला. टरफलं सांडली.

"अण्णा, चोवीस मी खाल्ल्या."

अण्णा टरफलांकडे बघत राहिले, मग चपलांचा नाद सोडून परत बसले. लग्न ठरलं. मी महिनाभर गिरणीत सांगत फिरलो, की माझं गणित शेंगांनी सिद्ध केलं.

लग्नानंतर एकदा तिला लाडानं विचारलं, "मोजून चोवीसच कशा गं खाल्ल्यास?"

ती म्हणाली, "दहाच खाल्ल्या. बाकीच्या चौदा तुम्ही दुपटीत चुकला होता."