इस्त्रीवाल्याकडची अमानत

हिंगोलीत एसटी डेपोजवळ आमचा इस्त्रीवाला होता. नव्वदच्या दशकात निवडणूक आली की त्याच्याकडे पांढऱ्या शर्टांचा ढीग लागायचा. खिशावर प्रचाराचे बिल्ले तसेच राहिलेले असायचे. इस्त्री टेकवण्याआधी तो खिशावरून अंगठा फिरवायचा, बिल्ला काढायचा आणि भिंतीवरच्या जुन्या चादरीला टोचून ठेवायचा. बोलायचा कमी, पण कुणाचा कोणता बिल्ला हे त्याला बराबर पाठ.

दोन-तीन निवडणुकांत चादर भरली. एकदा नांदेडहून जुने बिल्ले जमवणारा एक माणूस आला आणि सगळी चादरच मागू लागला. ह्यानं मान हलवली. "गिऱ्हाइकांची अमानत हाय. ज्याची त्यालाच देईन."

हे मला फार आवडलं. दुसऱ्या दिवशी शर्ट टाकताना मी ऐटीत म्हणालो, "मग माझा बिल्ला द्या की."

तो चादरीजवळ गेला. "कोणता देऊ? तुमचे दोन हायेत. एक ह्या पार्टीचा, एक त्या पार्टीचा."

मागं चार गिऱ्हाइकं उभी होती.

"राहू द्या तिथंच," मी म्हणालो.

"बरं," म्हणून त्यानं माझा शर्ट पसरला आणि खिशावरून अंगठा फिरवला.