राजवाड्यातलं झुंबर

आधी चहा संपवा बाई, मग सांगते. तोंडात घोट असताना ऐकलंत तर माझ्या सोफ्याचं काही खरं नाही!

माझ्या मोठ्या जाऊबाई, म्हणजे आमच्या वहिनी, लेकीकडे इंग्लंडला जाऊन आल्या. आल्या त्या नुसतं राजवाडा, राजवाडा! संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्या घरी, वाण माझं, आणि बायकांचा घोळका वहिनींभोवती! "जुन्या राजाचा राजवाडा पाहिला हो," एवढं कानावर पडलं नि माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला, की स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटत बसले. पुढचं ऐकतंय कोण?

घरच्या ग्रुपवर त्यांचा फोटोही होता. पुढे वहिनी, मागे दगडी भिंत. मी काय ते ओळखलं. आत सोडलंच नसणार! कंपाउंडला टेकून फोटो काढला नि आल्या मिरवत.

मग यंदा मीही गेले, माझ्या लेकाकडे, सुमितकडे. जाताना वहिनींचीच येवल्याची पैठणी मागून नेली. जळणं वेगळं, पैठणी वेगळी!

"सुमित, काकूंनी पाहिला तोच राजवाडा मला दाखव. पण आतून!"

"आई, तिथं काही नाहीये गं. हरवलेला राजवाडा आहे तो."

"हरवायला ती काय छत्री आहे? न्यायचं नसेल तर तसं सांग!"

बिचाऱ्यानं मुकाट गाडी काढली. मी नथ, पैठणी, वर थंडीचं जाकीट, पण पदर बाहेर! निम्म्या वाटेतच मला राहवेना. ग्रुपवर टाकलं, "राजवाड्यात पोहोचलो. काहींनी बाहेरून पाहिला, आम्ही आत! डोक्यावर हे भलंमोठं झुंबर! आणि गालिचा असा, की पाऊल रुततं!"

वा वा, छान छान सुरू झालं. नणंदेनं विचारलं, "झुंबर केवढं गं?" मी दिलं ठोकून, "तुझ्या हॉलएवढं!" काय गार वाटलं म्हणून सांगू!

गाडी थांबली. उतरले. कुरण, मेंढ्या, काटेरी झुडपं. मधोमध एक भिंत. तीच, फोटोतली!

"राजवाडा कुठाय रे?"

"हाच. शेकडो वर्षांपूर्वी राजे इथं शिकारीला यायचे. मग ओसाड पडला, लोकांनी दगडसुद्धा उचलून नेले. कुणाला पत्ताही नव्हता, नंतर खणून काढला. काकूंनी हळदीकुंकवाला सगळं सांगितलं म्हणे. तू नव्हतीस का?"

होते ना! भांडी आपटत होते!

मेसेज पुसून टाकावा म्हणून घाईघाईनं फोन उघडला. पण वहिनींचं उत्तर आधीच हजर. "अगं मंगल, झुंबर टांगलं तरी कशाला? मी गेले तेव्हा छप्परच नव्हतं!" आणि त्याखाली अख्ख्या खानदानाचे खदाखदा हसणारे चेहरे. नणंदेचे तर चार.

तेवढ्यात वहिनींचा दुसरा मेसेज. "आणि हो, माझी पैठणी सांभाळ बाई. तिथं चिखल फार. मी आपला जुना पंजाबी ड्रेस घातला होता."

मी खाली पाहिलं.

झुंबराचं सोडा, पण गालिच्याचं मी खोटं बोलले नव्हते हो. पाऊल खरंच रुतलं होतं. घोट्यापर्यंत, पैठणीच्या काठासकट!