लाल छत्रीवाली पोचली का?

गळ्यातली मापाची टेप जेवतानाही काढत नसत, म्हणून गल्लीने त्यांचं नाव टेपमामा ठेवलं होतं. लहान मुलांचे शर्ट शिवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि दिलेला वायदा मोडण्यातही नव्हता.

याला कारण मशीनसमोरची भिंत. तिच्यावर कधीच बंद पडलेल्या एका मासिकाची, एकाच वर्षाची अकरा मुखपृष्ठं ओळीने लावलेली. चित्रकाराने दर महिन्याला तीच बाई काढली होती, पाठमोरी, लाल छत्री घेऊन चाललेली. कधी पुलावर, कधी धुक्यात, कधी गुडघाभर गवतात. शिवता शिवता मामांचा पाय थबके आणि ते तिच्यामागून, सभ्य अंतर राखून, चालू लागत. गवत पोटऱ्यांना घासे. धुक्याला कोऱ्या कापडाचा वास येई. मग मागे गिऱ्हाईक खाकरलं की मामा परत.

डिसेंबरचा अंक मात्र मिळत नव्हता. बाई पोचली की वाटेतच राहिली, या काळजीने मामांचं जेवण कमी झालं. मामींचं म्हणणं, आपल्या माहेरचा रस्ता यांना अजून सापडत नाही आणि परक्या बाईची एवढी चिंता.

एक दिवस रद्दीवाला डिसेंबरचा अंक घेऊन आला. मामांनी हात पुसून तो घेतला. आत सगळं शाबूत, मुखपृष्ठ तेवढं गायब.

"जुनी कव्हरं तुम्ही शिंप्यांनीच खाल्ली मामा," रद्दीवाला म्हणाला. "जाड कागद, फर्म्यांना बरा."

मामांची नजर खिळ्याकडे गेली. दुकान नवं होतं तेव्हा जाड कागद दिसला की तेही कात्री चालवत. खिळ्याला टांगलेले फर्मे, कापड बेतायचे ते कागदी साचे, त्यांनी खाली काढले. सगळ्यांची कोरी बाजू वर, तिच्यावर त्यांच्याच अक्षरात: बाही, कॉलर, खिसा. इतकी वर्षं याच कागदांभोवती त्यांनी खडू फिरवला होता. आज पहिल्यांदाच ते उलटवले.

बाहीवर पिवळ्या उजेडाची खिडकी होती. खिशावर दाराची पायरी. कॉलरवर मिटलेली लाल छत्री, भिंतीला टेकवलेली. बाई कुठेच नव्हती. ती कतरणीत गेली असणार. 

मामी चहा घेऊन आल्या, तुकड्यांकडे वाकून पाहिलं.

"अहो, छत्री दारात आहे म्हणजे बाई आत गेली. एवढं कळत नाही? दमली असेल बिचारी, बसू दे तिला."

मामांनी चहा बाजूला ठेवला. मग त्यांनी वायदा उलटून गेलेला एक शर्ट कापायला घेतला. फर्मा या वेळी चित्राची बाजू वर करून ठेवला, आणि उजेड असलेल्या त्या खिडकीभोवती खडू अगदी हलक्या हाताने फिरवला, आत कोणी झोपलं असावं तसा.